पाटे, स्प्रिंगा, शॉकअप : जुन्या गाड्यांच्या सस्पेन्शनवर वाचकांचे प्रश्न

पावसाळा उतरला की आमच्या बेळगावकडं सस्पेन्शनचे प्रश्न वाढतात. ह्या खेपेला जीप, कॉन्टेसा, ॲम्बॅसिडर सगळ्यांचेच आलेत आणि एक तर थेट अमेरिकेतल्या फोर्ड मस्टँगबद्दल आहे. चोर्ला, जांबोटी, कणकुंबी त्या बाजूचे रस्ते चार महिन्यात जे होतात ते सगळं जुन्या गाडीच्या बुश (सांध्यातली अस्तरं, बहुधा रबराची) आणि पिनांवर निघतं, त्यामुळं नवल नाही. पण बहुतेक पत्रांत मागणी एकच, गाडी उंच करायची नाहीतर बुटकी करायची, आणि दोन्हीकडं कडक करायची. ह्या कडक करण्याच्या मी विरोधात आहे, का ते उत्तरांत येईलच.

प्रश्न : आमची एमएम ५४० जीप आहे, वडलांच्या काळातली. जांबोटीच्या बाजूला शेत आहे, तिकडं रोज जाणं-येणं. मागचे पाटे बसले होते म्हणून जाडे पाटे टाकून घेतले, आता खड्ड्यात अशी उडायलीय की मागं बसलेल्याचं डोकं हुडाला लागतं, आई तर बसायलाच तयार नाही. स्प्रिंग ओव्हर करून मोठे टायर टाकलं की मऊ होईल म्हणतात, करू काय? — एक वाचक, खानापूर

उत्तर : थांबा जरा, आधी जे झालंय ते समजून घेऊ. पाट्याचा, म्हणजे लीफ स्प्रिंगमधल्या पोलादी पट्टीचा, कडकपणा जाडीच्या घनात वाढतो. म्हणजे ६ मिलिमीटरच्या जागी ७ मिलिमीटरचा पाटा टाकला तर बघायला एकच मिलिमीटर वाढला पण तो पाटा जवळजवळ ५९ टक्के जास्त कडक झाला, आणि ८ चा टाकला तर दुपटीच्याही वर, २.३७ पट. पाट्यांची संख्या वाढवली तर कडकपणा त्या मानानं सरळ वाढतो, सहाचे सात केले तर समान लांबीच्या हिशेबानं सहावा हिस्सा वाढेल, पण जाडी वाढवली की हिशेबच बदलतो. गॅरेजवाल्यानं तुमचं वाईट चिंतलं असं नव्हे, बसलेला पाटा म्हणजे पातळ पाटा असा समज सगळीकडं आहे. खरं तर पाटा बसतो तो जुना झाल्यावर त्याची कमान गेलेली असते म्हणून, त्याला जाडी लागत नाही, कमान लागते, आणि कमान टिकायला नीट उष्णता-प्रक्रिया लागते.

आता उडते का ते बघा. रिकाम्या गाडीच्या वजनानं स्प्रिंग किती दबते ह्यावर गाडीचा हेलकावा ठरतो. २५० मिलिमीटर दबली तर सेकंदाला साधारण एक हेलकावा, १०० मिलिमीटर दबली तर दीडाच्या वर, ६० वर आलं की दोन. माणसाला सेकंदाला एक ते दीड बरं वाटतं. दोनच्या वर गेलं की गाडी कडक वाटायला लागते आणि मागं बसलेल्याची पाठ जाते. रिकामी जीप मुळात हलकी, त्यात तुमचे जाडे पाटे दबतच नाहीत, मग सगळा धक्का वर. आईंचं बरोबर आहे.

म्हणून पहिलं काम, ते जाडे पाटे काढा आणि मूळ मापाचा सेट बसवा. कंपनी मापाचा मिळाला तर उत्तम, नाहीतर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत किंवा कोल्हापूरच्या बाजूला पाटे बनवणाऱ्याकडून स्प्रिंग स्टीलमध्ये, ईएन ४५ किंवा तत्सम ग्रेडमध्ये, हार्डनिंग आणि टेम्परिंग करूनच बनवून घ्या. जुना पाटा थंडच ठोकून कमान वाढवून देतात ना, ते स्वस्त पडतं पण काही महिन्यांत परत बसतं कारण स्टीलच्या आत काहीच बदललेलं नसतं. आणि पाट्याला वेल्डिंग कुणालाही करू देऊ नका, टोकाच्या गोल डोळ्याला (इंग्रजीत आय) पण नाही, क्लिपला पण नाही. जिथं वेल्डिंगची उष्णता लागली तिथं टेम्पर गेला आणि तिथनंच तो एक दिवस मोडणार, बहुधा भरल्या गाडीत चढावर.

दुसरं, पाटे बदलायच्या आधी शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारी हलती कडी, बघा. आमच्याकडच्या तांबड्या मातीच्या चिखलानं शॅकलची पिन आणि बुश असे जाम होतात की पाटा लांब व्हायला जागाच उरत नाही, आणि लांब होता आलं नाही तर पाटा दबणार कसा. शॅकल हातानं किंवा टॉमीनं हलतंय का बघा, हलत नसेल तर निम्मं दुखणं तिथंच आहे. बुश नवीन टाका, पिना घासलेल्या असतील तर त्यापण. पाट्यांच्या मधला गंज साफ करून जोडा. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट मात्र जुने परत वापरायचे नाहीत, ते एकदा ताणले की ताणले. नवीन बसवा, आणि पाचशे किलोमीटर चालवल्यावर परत एकदा आवळा. हे आवळणं कुणीच करत नाही, मग सेंटर बोल्ट तुटतो, ॲक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

तिसरं शॉकअप. पाटे वजन उचलतात, शॉकअप हेलकावा शमवतात, दोघांची कामं वेगळी. जाडे पाटे टाकल्यावर जुन्या शॉकअपला त्यांची उसळी धरवत नाही, म्हणूनच गाडी एकदा उडाली की उडतच राहते. मूळ पाट्यांवर चांगले नवीन शॉकअप टाकलेत तर निम्मा फरक लगेच जाणवेल.

आता स्प्रिंग ओव्हरचं. आपल्या जीपचे काय, जिप्सीचे काय, पाटे मुळात ॲक्सलच्या खालून बसलेले. ते वर बसवले की ॲक्सलची नळी आणि पाट्यांचा गठ्ठा एवढ्या उंचीनं गाडी उचलते, म्हणजे चार-पाच इंचाच्या घरात. पण ह्यानं पाटा मऊ होत नाही हो, पाटा तोच राहतो, फक्त त्याला दबायला जागा जास्त मिळते, मऊ वाटतं ते तेवढंच. त्यासोबत काय काय येतं ते ऐका. ब्रेकची नळी तोकडी पडते. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि युनिव्हर्सल जॉइंट खात सुटतो, मग पिनियनचा (ॲक्सलमध्ये शाफ्ट जिथं जोडला जातो तिथला) कोन पाचरी घालून किंवा नवीन बैठक वेल्ड करून जुळवावा लागतो, दोन्ही जॉइंटचे कोन सारखे आले तरच थरथर जाते. ड्रॅग लिंक (स्टेअरिंगचा जोर चाकाकडं नेणारी दांडी) तिरपी झाली की खड्ड्यात स्टेअरिंग आपोआप ओढतं. आणि ब्रेक किंवा जोर मारला की ॲक्सल पाट्यावर फिरायला बघतो, पाटा इंग्रजी एस सारखा वळतो. हे अमेरिकेतही घडलंय, शेवरोलेच्या १९६७ च्या पहिल्या कॅमारोला मागं एकेकच पाटा होता, जोर दिला की मागचा ॲक्सल उड्या मारायचा, पुढच्याच वर्षी कंपनीनं शॉकअप एक पुढं एक मागं असे बसवले आणि ताकदीच्या मॉडेलना जास्त पाटे दिले.

रोज शेताला जायच्या आणि आईला बसवायच्या गाडीला हे सगळं कशाला. उंची थोडी हवीच असेल तर योग्य कमानीचे पाटे आले की तुमची मूळची गेलेली उंची परत येईल, तीच पुष्कळ वाटेल. लांब शॅकलच्या भानगडीत पडू नका, दोन इंच लांब केलं तर उंची जेमतेम एक इंच वाढते आणि पुढच्या ॲक्सलला लावलं तर कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागं झुकलेला कोन) बिघडून स्टेअरिंग सैल होतं. टायर मूळ ६.००-१६ च्या जवळपासचेच ठेवा, मोठ्या टायरचं वजन स्प्रिंगच्या खाली येतं आणि ते वजन पाट्याला आवरत नाही.

प्रश्न : माझी कॉन्टेसा आहे, इसुझूच्या १८०० इंजिनची. गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून चारी स्प्रिंगचा एकेक वेढा कापून घेतला. दिसायला भारी दिसायलीय पण वंटमुरी घाटात वळणावर आधीपेक्षा जास्त कलायलीय आणि स्पीड ब्रेकरवर मागनं ठक्क आवाज येतोय. यूट्यूबवर शेवरोलेच्या जुन्या ट्रकना, मस्टँगना कॉइलओव्हर लावतात ते बघितलंय, तसं इथं करता येईल का? — एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : पहिल्यांदा अभिनंदन, कॉन्टेसा सांभाळायलाय हे मोठं काम आहे. हिंदुस्तान मोटर्सनं १९८४ ला ती आणली, ब्रिटिश व्हॉक्सहॉलच्या साच्यावर, आणि आपल्या देशात मसल कारच्या जवळ जाणारं जे काही आहे ते हेच, लांब बॉनेट, मागच्या चाकांना जोर, रुंद बसणं. आणि सस्पेन्शनमध्ये ती त्या काळच्या ॲम्बॅसिडर-पद्मिनीच्या पुढं होती, पुढं दोन आर्म आणि कॉइल, मागंसुद्धा पाटे नाहीत, कॉइल, आणि ॲक्सल जागेवर ठेवायला लांब आर्म आणि आडवी पॅनहार्ड रॉड. इतकी चांगली रचना हातात असताना तिची स्प्रिंग कापली ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

कापल्यानं काय होतं? समजा आठ चालू वेढे होते, एक गेला, सात राहिले, स्प्रिंग १४ टक्के कडक झाली. हे तसं फार नाही. पण गाडी खाली आली म्हणजे वर दबायला जी जागा होती ती गेली, आता थोड्याशा खड्ड्यात बंप स्टॉपला (दबणं थांबवणाऱ्या रबराला) जाऊन आदळतेय, तोच तुमचा ठक्क. त्या क्षणी स्प्रिंग नसल्यासारखीच, सगळा मार चेसिसला. दुसरं, पॅनहार्ड रॉड मूळ उंचीवर साधारण आडवी बसते, खाली आणल्यावर ती तिरपी होते आणि सगळा ॲक्सल एका बाजूला सरकतो, मागनं उभं राहून दोन्ही चाकांचं मडगार्डपासून अंतर मोजा, फरक दिसेल. तिसरं कलण्याचं. पुढचे आर्म बाहेरच्या टोकाला वर गेले की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या उंचीपेक्षाही जास्त खाली उतरतो, म्हणून गाडी बुटकी होऊनसुद्धा जास्त झुकते. लोकांना हे पटत नाही पण तुम्ही स्वतः घाटात अनुभवायलाय. आणि कापलेलं टोक गॅसनं कापलं असेल तर तिथला टेम्पर गेलाय आणि ते बैठकीत नीट बसतही नाही, चाक लोंबलं की स्प्रिंग जागा सोडू शकते.

आता ट्रकचं. शेवरोलेच्या अर्ध्या टनाच्या पिकअपला, ज्याला सगळे सी-टेन म्हणतात, १९६० ला पुढं स्वतंत्र सस्पेन्शन आलं, आधी टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) आणि १९६३ पासून कॉइल. मागं पाटे न घालता दोन लांब आर्म आणि कॉइल दिली, १९७२ पर्यंत. माल वाहायच्या गाडीला हे त्या काळी वेगळंच होतं, आणि ती लांब आर्मची रचना इतकी जमली की नासकारच्या शर्यतीच्या गाड्यांनी ती पुढं कित्येक दशकं वापरली. म्हणून तिथं त्या ट्रकना खाली आणायला सुटे भाग तयार मिळतात : खाली उतरवलेला स्पिंडल (चाक बसतं तो खुंट), म्हणजे स्प्रिंग आणि आर्मचा कोन तसाच राहतो आणि फक्त चाकाची जागा वर जाते, मागं बदललेली पॅनहार्ड रॉड, चेसिसला खाच पाडून ॲक्सलला जागा. बघा, तिथं जो चांगलं काम करतो तो आधी कोन वाचवतो आणि मग उंची कमी करतो. व्हिडिओत रंग आणि चाकं जास्त दिसतात, हे कमी दिसतं.

कॉइलओव्हरमध्ये, म्हणजे शॉकअपवरच कॉइल स्प्रिंग चढवलेली असते त्यात, गाडीचं सगळं वजन शॉकअपच्या बैठकीवर येतं. तुमच्या मागच्या शॉकअपच्या बैठकी शॉकअप धरायला केल्यात, गाडी उचलायला नव्हे. तिथं कॉइलओव्हर टाकायचा तर बैठक नवी करावी लागते, पत्र्याला नव्हे तर चेसिसच्या भागाला पट्टी देऊन. बेळगावात ते करणारे हात आहेत, पंप आणि क्रँकशाफ्टचं काम करणारं गाव आहे हे, पण नुसतं कारागीर असून चालत नाही, आधी कागदावर कोन मांडायला लागतात.

मी असतो तर हे केलं असतं : कापलेल्या स्प्रिंगा भंगारात, नवीन स्प्रिंगा बनवून घ्यायच्या, मूळपेक्षा इंचभर कमी उंचीच्या आणि थोड्याच कडक. बनवणाऱ्याला चार गोष्टी लिहून द्या, तारेची जाडी, वेढ्याचा मधला व्यास, चालू वेढे, मोकळी लांबी. तारेची जाडी अंदाजानं वाढवू नका, तिचा हिशेब चौथ्या घातात जातो, १२ ची १३ मिलिमीटर केली की स्प्रिंग ३८ टक्के कडक. मग ॲडजस्ट होणारी पॅनहार्ड रॉड, उद्यमबागेत दोन्ही टोकांना उलटसुलट आटे पाडून होते. चांगले शॉकअप. आणि कलणं कमी करायला स्टॅबिलायझर बारचे (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांडीचे) बुश आणि लिंक नवीन, कलणं ह्या बारनं कमी करायचं असतं, स्प्रिंग कडक करून नव्हे. बुश आवळताना गाडी चाकांवर उभी असू द्या, जॅकवर चाक लोंबत असताना आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं.

प्रश्न : माझा भाऊ ह्यूस्टनला असतो, त्यानं १९६६ ची मस्टँग घेतलीय. तिथले लोक त्याला पुढचं सगळं कापून मस्टँग टूचं सस्पेन्शन बसव म्हणतात. तो मला विचारायलाय, मी तुम्हाला विचारतोय. — एक वाचक, संकेश्वर

उत्तर : भावाला म्हणावं घाई नको. मस्टँग १७ एप्रिल १९६४ ला आली तेव्हापासून पहिल्या पिढीत पुढची कॉइल वरच्या आर्मवर उभी असते आणि तिचा जोर मडगार्डच्या आतल्या उंच टॉवरवर येतो, मागं साधे पाटे. मस्टँग टू ही १९७४ ते १९७८ ची छोटी गाडी, तिचं पुढचं सस्पेन्शन आटोपशीर आणि रॅक-पिनियन स्टेअरिंगचं, म्हणून हॉट रॉड आणि जुन्या ट्रकवाल्यांनी ते उचललं, तिथं ते शोभतंही. पण ६६ मध्ये ते घालायचं म्हणजे टॉवर कापायचे, जो भार टॉवर घेत होते तो खालच्या चेसिसनं घ्यायचा. मोठं इंजिन बसवायला जागा हवी असेल तर ठीक, नाहीतर रस्त्यावर चालवायच्या गाडीला गरज नाही.

त्याच्याऐवजी वरच्या आर्मचं आतलं टोक एक इंच खाली बसवायचं, मस्टँगच्या शर्यतीच्या आवृत्त्या करणाऱ्या शेल्बीनं १९६५ च्या जीटी ३५० ला हेच केलं होतं. दर बाजूला दोन भोकं पाडायचं काम, आणि वळणावर बाहेरचं चाक आधीसारखं बाहेर झुकत नाही, रस्ता धरून राहतं. टॉवर आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) जोडणारी पक्की ब्रेस, नवीन बुश, चांगले शॉकअप. आणि अलाइनमेंट जुन्या पुस्तकातल्या आकड्यांवर करू नये, ते आकडे त्या काळच्या बायस-प्लाय टायरचे (आपल्याकडच्या नायलॉन टायरच्या जातीचे) आहेत. रेडियल टायरला कॅस्टर जास्त लागतो आणि कॅम्बर (चाकाच्या वरच्या कडेचा झुकाव) किंचित आत. आपल्याकडं नायलॉन टायर काढून रेडियल टाकलेल्या जुन्या गाड्यांनासुद्धा हेच लागू होतं, पण अलाइनमेंटवाला फक्त टो (चाकं पुढनं आत की बाहेर वळलीत ते) बघून सोडून देतो.

प्रश्न : ॲम्बॅसिडर पुढनं उजवीकडं झुकलीय, मेकॅनिक म्हणतो टॉर्शन बार गेला, बदला. — निपाणी

उत्तर : बदलायच्या आधी एक बघा. मागनं बॉडी मधोमध एकाच जॅकवर उचला, मागची चाकं अधांतरी होऊ द्या, खाली कुणी जाऊ नका. आता पुढनं गाडी सरळ झाली तर दोष मागच्या पाट्यात आहे, एखादा पाटा मोडलाय किंवा बसलाय आणि तो गाडीला कोपऱ्यातनं कोपऱ्यात ओढायलाय. तरीही झुकलेलीच राहिली तर मग पुढचा टॉर्शन बार. तोसुद्धा बहुतेक वेळा मोडलेला नसतो, थकलेला असतो, मागच्या टोकाच्या बसवण्यात ॲडजस्ट करून उंची परत आणता येते. एका बाजूचा बार दुसऱ्या बाजूला मात्र घालू नका, त्याला वर्षानुवर्षं एकाच दिशेनं पीळ बसलेला असतो. जुन्या मॉडेलचे लिव्हरवाले शॉकअप असतील तर त्यातलं तेल बघा, कोरडे पडलेले निघतात, आणि तवंदी घाट उतरताना गाडी तरंगायलीय असं वाटतं ते त्यामुळं.

प्रश्न : अथणीला आमच्याकडं जुनी महिंद्राची पिकअप आहे, भाजी वाहून वाहून रिटायर झाली, आता रंगवून, सीट बदलून हौसेची गाडी करायलोय. मागं रिकामी असली की दगडावर बसल्यागत वाटतं. पाटे काढले तर चालतील का?

उत्तर : चालतील, पण कुठले ते महत्त्वाचं. ते पाटे भरल्या मालाला केलेत, रिकाम्या गाडीनं दबतच नाहीत. खालचा जाडा हेल्पर (भार वाढला की मदतीला येणारा पाटा) असेल तर तो आधी काढा. मग खालचे आखूड एक-दोन. डोळ्याचा मुख्य पाटा आणि त्याच्या लगतचा दुसरा, हे दोन कधीही काढायचे नाहीत, मुख्य मोडला तर ॲक्सल धरणारा तो दुसराच असतो. गठ्ठा बारीक झाला की यू-बोल्टचे आटे कमी पडतात, त्या मापाचे नवीन घ्या, जुन्यांना वॉशर लावत बसू नका. शॉकअपपण हलके घाला, मालगाडीचे ठेवले तर उपयोग नाही. आणि एकदा पाटे काढले की परत त्यात पोती घालायची नाहीत. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, कारण उसाच्या दिवसात "एकच खेप" म्हणून कुणीतरी चावी नेतंच.

प्रश्न : गाडी एमएच ०९ (कोल्हापूर पासिंग) आहे, पण मी आता बेळगावातच राहतो. सस्पेन्शनचं काम केलं तर आरटीओचा त्रास होईल का? गाडी १९७० ची आहे. — टिळकवाडी

उत्तर : ह्यात तीन वेगळे विषय आहेत आणि लोक ते एकत्र करतात.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या नोंदींशी मूळ कंपनीची रचना जुळत नाही असा बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ ला ते पक्कं केलं. झिजलेले पाटे, बुश, शॉकअप त्याच जातीचे नवीन घालणं ही दुरुस्ती, त्यात घाबरायचं काही नाही. चेसिस कापणं, व्हीलबेस बदलणं, बॉडी बदलणं ह्या भानगडी. कॉन्टेसावाल्यांनी पण हे वाचावं.

दुसरं सीमेचं. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर राहिली तर कलम ४७ प्रमाणं तिथला नंबर घ्यावा लागतो, म्हणजे मूळ आरटीओची एनओसी आणि कर्नाटकाचा टॅक्स. आमच्या भागात अर्ध्या घरांचं शेत एका राज्यात आणि दुकान दुसऱ्या राज्यात, गाडी रोज कोगनोळी ओलांडते, तरी नियम तोच. काम काढायच्या आधी कागद लावून घ्या. पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना फिटनेस बघतात, त्यावेळी सस्पेन्शन ढिलं असेल तर आधी तेच निघतं.

तिसरं तुमच्या कामाचं, आणि हे नीट बघा. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या खाजगी दुचाकी-चारचाकीला विंटेज म्हणून नोंदवता येतं, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं चालते, पुढच्या वेळी ५,०००. पण गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत. आणि विंटेज झाल्यावर ती रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामांसाठीच. तुमची १९७० ची गाडी ह्यात बसते. म्हणजे आज चेसिसला खाच पाडून तिला खाली बसवलीत तर हा दरवाजा बंद होतो. मी तरी अशा गाडीत बोल्टनं बसणारं आणि बोल्टनं निघणारंच काम करेन, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून पोत्यात ठेवेन.

प्रश्न : पॉलियुरेथेनचे बुश चांगले की रबराचे? — चिक्कोडी

उत्तर : पाट्याच्या डोळ्याला आणि स्टॅबिलायझर बारला पॉली चालतो, चिखलात जास्त टिकतो, ग्रीस नाही घातलं तर कुरकुरतो. पण जिथं आर्मला पिळावं लागतं, कॉन्टेसाच्या मागच्या आर्मसारखं, तिथं रबरच. पॉली पिळत नाही, मग एक चाक खड्ड्यात गेलं की आर्म आणि त्याची बैठक दोघं झगडतात आणि बैठकीला चिरा पडतात.

प्रश्न : स्टेअरिंग चाळीसच्या पुढं थडथडायलंय, जुनी जीप आहे, स्टेअरिंग डॅम्पर बसव म्हणतात. — येळ्ळूर

उत्तर : डॅम्परनं थडथड दबेल, जाणार नाही, आणि आत जे खायलंय ते खातच राहील. पुढचा ॲक्सल जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा. खेळ दिसला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, तरी राहिला तर किंगपिनचं (चाक ज्या पिनेवर डावी-उजवीकडं वळतं तिचं). किंगपिनचा खेळ शिम कमी करून ताण बसवला की जातो, बेअरिंगला खड्डे पडले असतील तर बदला. मग टाय रॉडची टोकं, जुन्या सीजे मॉडेलच्या जीपला स्टेअरिंगच्या दांड्यांमधला बेलक्रँक, पुढच्या पाट्यांचे बुश आणि यू-बोल्ट, टायरचं बॅलन्सिंग. ह्या क्रमानं गेलात तर डॅम्परचे पैसे वाचतील. मोठे टायर टाकल्यापासूनच हे सुरू झालं असेल तर जुने टायर परत चढवून एकदा चालवून बघा, दहा मिनिटांत कळेल.